व्याह्यांना जोडीला घेतलं त्याची गोष्ट

आमच्या ओढ्याच्या दोन्ही काठांवर एक चाल आहे. मत मागायला कुणी दारात आला, की घरातलं म्हातारं माणूस आधी पाण्याचा तांब्या पुढे करतं आणि तो पितो की नाही, ते डोळे बारीक करून बघतं. प्यायला, की ओटीवरची मंडळी एकमेकांकडे बघून हसतात. नव्या उमेदवाराला वाटतं, काय हे अगत्य! ते अगत्य नव्हे, ती माझी आठवण आहे. कुणाच्या नावाने गावात विहीर असते, कुणाच्या नावाने पार असतो. माझ्या नावाने हा तांब्या आहे.

आता ही गोष्ट दुसऱ्या कुणी सांगण्यापेक्षा मीच सांगितलेली बरी. दुसरे त्यात मीठमसाला घालतात, आणि मुळात घालायला जागा मी ठेवलेलीच नाही.

आमचं गाव दहिवलीच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला. गावाच्या अंगाने ओढा जातो. ओढ्यापलीकडे खालापूरच्या बाजूची गावं सुरू होतात. उन्हाळ्यात हा ओढा इतका गरीब, की कोंबडीने पाय न भिजवता ओलांडावा. पण आषाढात घाटाचं सगळं पाणी त्याच्या अंगात येतं, आणि मग तो कुणाचं ऐकत नाही. अशा ओढ्यापलीकडे मी माझी एकुलती एक लेक दिली. दिली ती फाल्गुनात. तेव्हा वाळूतून वरात कशी खेळत खेळत गेली! 'हाकेच्या अंतरावर दिली लेक,' असं मी ज्याला त्याला सांगत होतो.

पहिला श्रावण आला. लेक नागपंचमीला यायची म्हणून बायकोने लाह्या फोडल्या, नव्या बांगड्या आणून ठेवल्या. ओढा दुथडी. सणाच्या दिवशी सकाळी आम्ही या काठावर उभे आणि लेक तिच्या सासूबरोबर त्या काठावर. मायलेकी एकमेकींना हाका मारत होत्या. पाण्याचा आवाज असा, की शेजारी उभ्या असलेल्या मला बायकोचं बोलणं ऐकू येईना, तर पलीकडे काय जाणार? शेवटी बायकोने बांगड्या हातात धरून उंच केल्या. पलीकडे लेकीने आपला हात वर केला आणि मनगट गोल फिरवून दाखवलं. घातल्या म्हणून समज, असं काहीतरी ते होतं. घरी परतल्यावर दारातच बायको म्हणाली, "हाकेच्या अंतरावर म्हनत होता नं?"

त्या दिवसापासून आमच्या घरात एकच विषय झाला. ओढ्यावर साकव पाहिजे. चार मजबूत ओंडके आडवे, वर फळ्या, धरायला कठडा. एवढासा लाकडी पूल. पण तो घालणार कोण? गावाने दोनदा घातला होता आणि ओढ्याने दोनदा नेला होता. पाया दगडी हवा, आणि दगडी पाया म्हणजे सरकारचं काम.

त्याच साली, भाताची झोडणी उरकल्यावर, तालुक्याला लोकल बोर्ड होणार असल्याची बातमी आली. रस्ते, विहिरी, साकव, सगळं ते बोर्ड बघणार. आणि नवल म्हणजे त्यातले काही मेंबर लोकांनी निवडायचे. ज्याच्या नावावर जमिनीचा बऱ्यापैकी सारा, त्याला मत. आमच्या काठाची आणि पलीकडच्या काठाची गावं मिळून एक गट, आणि गटातून दोन मेंबर. प्रत्येकाला दोन नावं घ्यायची मुभा. कर्जतच्या कचेरीत मामलेदारांसमोर उभं राहून ती मोठ्याने सांगायची.

मी लहानपणी स्टेशनाजवळच्या शाळेत थोडं शिकलो होतो. थोडंच, पण ते फार काळ टिकलं. त्यामुळे राजकारण आपल्याला कळतं असा माझा समज होता. मी ओटीवर बसून हिशोब मांडला. आपल्या काठाची मतं आपली, ती कुठे जात नाहीत. कमी पडणार ती पलीकडची. मग पलीकडचाच एक वजनदार माणूस जोडीला घ्यायचा. माझी माणसं दुसरं मत त्याला देतील, त्याची माणसं दुसरं मत मला देतील. दोघेही निवडून! आणि पलीकडे माझ्या व्याह्यांपेक्षा वजनदार कोण होतं? वजनाने म्हटलं तरी तेच, आणि मानाने म्हटलं तरी तेच.

बायकोला सांगितलं. ती तांदूळ पाखडत होती. सूप न थांबवता म्हणाली, "बैल जुपताना तुमी काय बघता?"

"जोडी सारखी आहे का ते."

"आन एक बैल सारखा दुसऱ्याच्या तोंडाकडं बघत चालला तर?"

"नांगर वाकडा जाईल."

"मंग? पोरीचं लगीन झाल्यापासनं तुमी व्याह्यांसमोर एकदा तरी मान वर केलीय का?"

मी हसलो. बायकांना राजकारणातलं काय कळतं, असंही मनात म्हणालो. मोठ्याने म्हणालो नाही, इतपत अक्कल तेव्हाही होती.

व्याह्यांकडे गेलो. आता इथे आमच्या घरचा एक दंडक सांगायला हवा, कारण पुढचा सगळा घात त्याने केला. लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या सासरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, ही रीत सगळीकडेच आहे. पण आमचा आजा फार कडक. तो म्हणायचा, घराचंच काय, लेक दिली त्या गावाचंही पाणी वर्ज्य. मी आज्याच्याही पुढे गेलो. त्या काठाच्या गावागावात व्याह्यांचे भाऊबंद. म्हटलं, आपण सबंध काठच वर्ज्य मानू. कुणी नाव ठेवायला नको! म्हणून ओढा ओलांडताना माझ्या खांद्याला नेहमी एक वाळवून पोकळ केलेला भोपळा असायचा, घरच्या पाण्याने भरलेला.

व्याही ओटीवर बसले होते. माझा भोपळा बघून त्यांच्या मिशा हलल्या.

"या व्याही, या. भोपळा घेऊन आलात म्हंजी काम मोठं हाय."

मी काम सांगितलं. त्यांनी पानाला चुना लावला, सुपारी कातरली, विडा तोंडात टाकला, मग म्हणाले, "मेंबर होऊन करायचं काय?"

"साकव," मी म्हणालो, आणि जीभ चावली. लेकीच्या बापाने व्याह्याकडे काही मागायचं नसतं, आणि साकव कशाला हवा, हे तर त्यांना ठाऊकच होतं. मी घाईघाईने जोडून दिलं, "म्हणजे साकव, रस्ते, विहिरी... लोकांचं कल्याण."

"कल्यान का? मंग राहतो उभा," ते म्हणाले. "पर तुमी संगं असाल तरच. मला दारोदार फिराया लाज वाटते. तुमाला सवय झाली असंल, पोरीला स्थळ बघत हिंडलात तवापासनं."

तिसरा उमेदवार भिसेगावाकडचा एक इनामदार होता. आमच्या गटात त्याची थोडी जमीन होती. तो कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. त्याने नाव दिलं आणि घरी बसून राहिला. एका दारात गेला नाही. मला त्याची कीव यायची.

चैत्रात आम्ही दोघं निघालो. आधी माझा काठ.

पहिल्याच घरी पाट मांडले. मी म्हटलं, "आधी व्याह्यांना." विडा आला. "आधी व्याह्यांना." बोलायची वेळ आली. "आधी व्याही बोलतील." व्याही म्हणाले, "तुमीच बोला." मी उठलो, आणि काय सांगू, व्याह्यांकडे बघून बोलायला लागलं की माझ्या तोंडातून लग्नातलंच बोलणं यायचं. त्यांचं घराणं, त्यांचा मान, त्यांचं मन किती मोठं. माझ्यासाठी मत मागायचं राहूनच जायचं. ऊन कडक, म्हणून त्यांच्या डोक्यावर मी छत्री धरायचो. कुणाच्या घरातून निघताना त्यांचे जोडे सुलटे करून ठेवायचो. एवढं मी मनापासून करत होतो. मला वाटे, माझ्या लोकांना केवढं बरं वाटत असेल, आपल्या माणसाला रीतभात आहे!

माझा सख्खा चुलतभाऊ एकदा मला गोठ्याआड घेऊन गेला.

"एक इचारू? मेंबर कोन होनार हाय? ह्ये का तू?"

"दोघेही."

"मंग छत्री तूच का धरतोस?"

"अरे, लेकीचा बाप आहे मी."

"तू लेकीचा बाप. पर मी तर नाय नं?" असं म्हणून तो निघून गेला. मला वाटलं, उन्हाने डोकं तापलंय त्याचं.

मग पलीकडचा काठ. वैशाखाचं ऊन. प्रत्येक दारात मडकी मांडलेली, आणि माणूस ओटीवर टेकायच्या आत हातात तांब्या. व्याही घटाघटा पीत. मी हात जोडून 'नको' म्हणायचो आणि बाजूला वळून भोपळ्यातला घोट घ्यायचो. एका दारी नाही, दोन दारी नाही, सगळ्या काठावर. दुपारपर्यंत भोपळ्यातलं पाणी चहासारखं गरम व्हायचं. संध्याकाळी घसा असा सुकायचा, की 'मत' हा शब्द बाहेर पडताना करवतीसारखा घासायचा.

व्याह्यांच्याच गावात एक म्हातारा शेतकरी होता. त्याच्या खळ्यातली विहीर काठावर नावाजलेली. त्याने स्वतः उठून, पोहरा सोडून, ताजं पाणी काढलं आणि तांब्या माझ्यासमोर धरला.

"घ्या. ह्या पान्यासाठी घाटावरची मानसं थांबत्यात."

मी हात जोडले. "माफ करा, मला चालत नाही."

म्हाताऱ्याने तांब्याकडे बघितलं, मग माझ्या भोपळ्याकडे. "पानी चालत नाय, आन मत चालतं?"

सगळे हसले. मीही हसलो. मला वाटलं म्हातारा थट्टा करतोय. व्याही पुढे होऊन म्हणाले, "आवो, त्येंचा नेम हाय. लेक दिलीय ना इकडं."

म्हातारा म्हणाला, "लेक तुमच्या घरात दिलीय. माझ्या हिरीत नाय टाकली."

आणि तो तांब्या त्याने तुळशीत ओतला.

तो ओतला तेव्हा तरी मला कळायला हवं होतं. पण मी घरी येऊन बायकोला काय सांगितलं असेल? "पलीकडची माणसं माझा नेम बघून थक्क झाली." ती म्हणाली, "थक्क व्हनारच." पण दुसऱ्या दिवशी भोपळा भरताना तिने तो माझ्या हातात जरा जोरानेच ठेवला.

मतांच्या दिवशी आम्ही कर्जतला कचेरीत गेलो. मामलेदार खुर्चीवर, बाजूला कारकून, आणि भिंतीला लागून एका बाकावर आम्ही तिघे उमेदवार. इनामदार शांतपणे तपकीर ओढत होता. माणसं एकेक करून पुढे यायची आणि आमच्या तोंडावर दोन नावं सांगायची. लपवाछपवीची सोयच नव्हती. ज्याने ही पद्धत काढली त्याला कधी व्याही नसावेत.

पलीकडच्या काठाची माणसं आधी आली. पहिल्याने व्याह्यांचं नाव घेतलं. मी पुढे सरसावून बसलो. दुसरं नाव आलं, इनामदाराचं. दुसरा आला: व्याही, इनामदार. तिसरा आला: व्याही, इनामदार. तो विहीरवाला म्हातारा आला. त्याने व्याह्यांचं नाव घेतलं, मग माझ्याकडे वळून विचारलं, "आज भोपळा नाय आनला?" मग इनामदाराचं नाव सांगून काठी टेकत निघून गेला.

मी मनाला म्हटलं, हरकत नाही, आपला काठ आहे. आपल्या काठाचा पहिला माणूस माझा चुलतभाऊच. तो पुढे आला, खाकरला, आणि व्याह्यांचं नाव घेतलं. मग माझ्याकडे बघितलं. मग जमिनीकडे बघितलं. "आन इनामदार," म्हणाला.

माझ्या कानात ओढा वाजायला लागला. आमच्या काठाची बाकीची माणसंही आली. काहींनी माझं नाव घेतलं, नाही असं नाही. पण व्याह्यांचं मात्र प्रत्येकाने घेतलं. मी बाहेर जाऊन चुलतभावाला गाठलं.

"अरे, असं काय केलंस?"

"रागावू नगंस," तो म्हणाला. "तुझ्या व्याह्याला नाय म्हनलं, आन उद्या तिकडं आपल्या पोरीला कुनी टोचून बोललं तर? लेक काय तुझ्या एकट्याची हाय? म्हून त्येला दिलं. ऱ्हायलं दुसरं. आता तू मेंबर झालास तरी उभा ऱ्हानार त्येच्याच मागं छत्री धरून. मंग त्येच मत दोनदा कशाला देऊ?"

मी तसाच आत येऊन बाकावर बसलो.

मग माझीच पाळी आली. मलाही मत होतंच. मामलेदारांसमोर उभा राहिलो आणि व्याह्यांचं नाव घेतलं, पुढेमागे सगळ्या मानासह. कारकुनाने विचारलं, "दुसरं नाव?" आता दुसरं नाव माझं स्वतःचं घ्यायचं होतं. बाकावर व्याही बसलेले, माझ्याकडे बघत. नव्या नवरीला चारचौघांत नाव घ्यायला सांगावं तसं माझं झालं. तोंड उघडलं, पण नाव काही बाहेर येईना.

"दुसरं... राहू द्या," मी म्हणालो.

कचेरी हसली. मामलेदारांनीसुद्धा रुमाल तोंडाला लावला. माझ्यामागून व्याही उठले. पुढे येऊन त्यांनी खणखणीत आवाजात आधी माझं नाव घेतलं, मग स्वतःचं. बाकावर परत बसताना माझ्या कानाशी म्हणाले, "बघा, अवघड नाय. असं घ्यायचं."

व्याही निवडून आले. इनामदार निवडून आला. तो घरातून उठून फक्त कचेरीपर्यंत चालला होता, आणि मी दोन्ही काठ पालथे घालून त्याला निवडून आणलं होतं.

घरी आलो. बायकोने पाय धुवायला पाणी दिलं. माझं तोंड बघून तिने ओळखलंच. हरलात का, असं तिने विचारलं नाही. विचारलं, "मंग साकवाचं?"

"व्याही मेंबर झालेत."

"मंग त्येंना सांगा."

"मी कसं सांगू? लेकीच्या बापाने..."

"हां," ती म्हणाली. "ते ऱ्हायलंच." आणि आत गेली. चुलीपाशी तिने पळी जरा जास्तच आपटली.

खरं दुखणं तेच होतं. मेंबरकी गेल्याचं दुःख चार दिवसांत विरलं. ज्याच्यामुळे साकव व्हायचा तो माणूस मीच निवडून आणला होता, आणि साऱ्या तालुक्यात त्याच्याकडे तोंड उघडता येणार नाही असा एकच माणूस होता, तो म्हणजे मी. लोक आमच्याच ओटीवर बसून व्याह्यांना गाऱ्हाणी सांगायचे. कुणाला कुंभिवलीकडचा रस्ता हवा, कुणाला धर्मशाळेवर कौलं. मी पानाचा डबा पुढे सरकवायचो आणि गप्प बसायचो.

व्याही आता वरचेवर आमच्या काठावर यायला लागले. मतं इकडचीही मिळालेली, तेव्हा येणं भाग होतं. असेच ते ज्येष्ठाच्या अखेरीला आले. संध्याकाळी परत जायचं म्हणून जोडे घालतात न घालतात तोच डोंगरावर काळं दाटलं आणि धो धो लागलं. ओढ्यापर्यंत गेलो तर ओढा नव्हताच. तिथे एक तांबडा, गढूळ समुद्र चालला होता.

व्याही आमच्याकडे अडकले.

मुलाच्या बापाला सुनेच्या माहेरी जेवायला काही आडकाठी नाही, उलट रोज नवं करून घालायचं. बायकोने घावने केले, बिरडं केलं, खांडवी केली. ओढा उतरेना. व्याही सकाळी जेवायचे, काठावर जाऊन यायचे, परत येऊन जेवायचे. पहिल्यांदा खुशीत होते. मग त्यांचं लक्ष लागेना. घावन अर्धा ठेवून म्हणाले, "आमची भाकरी बरी असते हो. जरा करपलेली असते, पर बरी असते."

मग एका सकाळी पाऊस ओसरला आणि आम्ही दोघं काठावर उभे होतो, तेव्हा पलीकडे विहीणबाई आल्या. बरोबर आमची लेक. विहीणबाईंनी व्याह्यांना बघितलं आणि ओरडायला सुरुवात केली. हातवारे केले, पदर सावरला, पुन्हा ओरडल्या.

"काय म्हनतीय?" व्याही कानाला हात लावून म्हणाले.

"कुणास ठाऊक."

"काय झालं असंल? गुरं? का घराचं कायतरी?"

"सांगता येत नाही," मी म्हणालो. आणि मग, कसं ते माहीत नाही, मान वर करून पुढचं बोललो. "गेल्या नागपंचमीला आमचीही इथेच उभी राहून ओरडत होती. तेही काही ऐकू गेलं नाही."

व्याही माझ्याकडे बघत राहिले. पलीकडे विहीणबाई थकून खाली बसल्या. लेकीने हात वर करून आम्हाला काहीतरी दाखवलं. आधी स्वतःच्या पोटावर हात ठेवला, मग दोन हातांचा पाळणा करून झुलवला. हे पाण्याच्या आवाजातही समजण्यासारखं होतं.

व्याही म्हणाले, "पैलं बाळतपन माहेरी."

"हो."

"म्हंजी पाचव्या म्हैन्यात, ऐन पावसात हिला इकडं आनायची."

"हो."

"बोर्डात साकवाचं काम कुनाला सांगाया लागतं?"

"मेंबरांना सांगावं, असं म्हणतात," मी म्हणालो.

त्यांच्या मिशा हलल्या. "मंग सांगा की वो एकदाचं! मतं मागत फिरलात तवा माझ्यासाठी मागितली, आता साकव मागायचा तर तोंड शिवलंय. काय मानूस हाय!"

मी सांगितलं. उभ्या आयुष्यात व्याह्यांजवळ मागितलेली ती पहिली गोष्ट. मागून झाल्यावर मला वाटलं, आता आज्याचं भूत ओढ्यातून वर येणार. पण काही आलं नाही.

पाणी उतरल्यावर व्याही तडक तालुक्याला गेले. बोर्डात त्यांनी काय आरडाओरडा केला तो मी ऐकलेला नाही, पण इनामदार नंतर मला भेटला तेव्हा म्हणाला, "तुमच्या व्याह्यांनी सभेत बायकोसारखे हातवारे करून दाखवले हो!" साकवासाठी आपणही हात वर केला, असंही तो म्हणाला. माझ्या कष्टाने निवडून आलेला मेंबर एवढ्यापुरता तरी उपयोगी पडला. तरी सरकारी काम ते. मंजुरी यायलाच पाऊस अर्धा संपला, आणि दगडी पाया तर पाणी आटल्याशिवाय होणार नव्हता. मग व्याह्यांनी दोन्ही काठांची माणसं बोलावली आणि तात्पुरते ओंडके टाकून घेतले. मंजुरी हातात असल्यावर माणसं येतात. माझा चुलतभाऊही आला. तो विहीरवाला म्हातारा पलीकडून काठीने दाखवत होता, "जरा डावीकडं, आवो, डावीकडं." त्या ओंडक्यांवरून, व्याही पुढे आणि मी मागे, मधे लेक, असे आम्ही तिला भाद्रपदात इकडे आणली. छत्री तिच्या डोक्यावर होती. कुणी धरली होती ते विचारू नका.

पौषात आमच्या घरी नात झाली.

मग तिला सासरी पोचवायला गेलो तेव्हा दगडी पायाचा साकव नवा कोरा उभा होता. माझ्या खांद्यावर सवयीने भोपळा होता. बायकोने तो साकवाच्या मध्यावर माझ्या खांद्यावरून काढला आणि खाली ओढ्यात टाकून दिला. भोपळा तरंगत तरंगत खडकाला अडकला.

व्याह्यांच्या अंगणात सगळं गाव जमलं होतं. नात बघायला, असं ते म्हणत होते. पण सगळ्यांचे डोळे माझ्यावर. व्याह्यांनी स्वतः आतून तांब्या आणला, माझ्यासमोर धरला आणि मग थोडा मागे घेतला.

"नात झालीय. तवा अर्धा तांब्या. नातू झाला की भरून देऊ."

लेक दारात उभी होती. तान्हीला खांद्यावर घेऊन पुढे आली आणि म्हणाली, "भरलेला द्या. पोर अर्धी नाय झाली."

सगळे हसले, व्याहीही हसले, आणि तांब्या माझ्या हातात आला. मी तोंडाला लावणार तोच गर्दीतून काठी पुढे आली.

"थांबा," तो विहीरवाला म्हातारा म्हणाला. "ह्ये घरातलं पानी हाय, रातचं शिळं. माझ्या हिरीवर चला."

आणि मी गेलो. सगळं गाव मागे. म्हाताऱ्याने पोहरा सोडला, ओढला, आणि माझ्या ओंजळीत पाणी ओतलं. मी प्यायलो. अजून ओतलं. अजून प्यायलो. त्या वैशाखापासूनची तहान होती ती. थांबायचं कसं ते कळेना.

"कसं हाय?" त्याने विचारलं.

"गोड."

"मंग तवाच प्याला असतास तर?" म्हातारा पोहरा खाली ठेवत म्हणाला. "म्हन आता, मत मागतोस का?"

मी व्याह्यांकडे बघितलं. त्यांनी माझ्या डोक्यावर छत्री धरली होती. पाऊस नव्हता आणि ऊनही कोवळं होतं. उगाच धरली होती, सगळ्यांना दिसावी म्हणून.

"नको," मी म्हणालो. "आणखी एक ओंजळ द्या."